ट्रायपॉड लावला की आयएस बंद? सरसकट नाही

"कॅमेरा ट्रायपॉडवर गेला की लेन्सचा आयएस किंवा व्हीआर बंदच करा, नाहीतर फोटो हमखास हलतो आणि लेन्सची मोटरही खराब होते." हा सल्ला सगळीकडे फिरतोय. (आयएस हे कॅननचं, व्हीआर हे निकॉनचं नाव; दोन्ही म्हणजे कंपाने फोटो हलू नये म्हणून लेन्समध्ये बसवलेली स्थिरीकरणाची यंत्रणा.) त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो जास्त दिशाभूल करतो.

'हमखास हलतो' हे मुख्यतः जुन्या लेन्सांबाबत खरं. कॅननची ७५-३०० आयएस ही लेन्स १९९५ साली आली. तिला आणि १९९८च्या १००-४००ला आपण ट्रायपॉडवर आहोत हे कळत नसे. लेन्समधले जायरो सेन्सर कंप मोजतात आणि काचांचा एक गट उलट दिशेला सरकवतात. कंपच नसला तरी सेन्सरच्या सिग्नलमध्ये बारीक चढउतार उरतो. यंत्रणा त्यालाच कंप समजते आणि काच सरकत राहते. शटर १/१००० सेकंदच उघडं असेल तर हे दिसत नाही, ४ सेकंदांच्या एक्स्पोजरला मात्र कडा पसरतात. १९९९च्या कॅनन ३०० एफ/२.८ आणि ५०० एफ/४ आयएसपासून ट्रायपॉड ओळखण्याची सोय आली. निकॉनच्या २००७च्या ५०० एफ/४ व्हीआरच्या स्विचवर तर 'ट्रायपॉड' असा वेगळा पर्याय आहे.

मोटर खराब होण्याची भीती निराधार. हातात धरल्यावर चालते तीच यंत्रणा इथेही चालते, फक्त बॅटरी जास्त जाते. जपायचं ते वेगळंच: आयएस चालू असताना लेन्स काढू नका. शटर बटण सोडा, यंत्रणा थांबू द्या, मग काढा.

मुळात 'ट्रायपॉड म्हणजे स्थिर' हे गृहीतकच कच्चं आहे. पक्षी टिपताना गिम्बल हेड (जड लेन्स तोलून फिरवता येणारं ट्रायपॉडचं डोकं) सैल ठेवून ५०० एमएमची लेन्स फिरवता, तेव्हा हाताचा कंप लेन्सपर्यंत पोचतोच. वाऱ्यात मधला दांडा वर काढलेला असेल, लाकडी मचाण असेल, भिगवणची होडी असेल, तर आयएस चालूच हवा. पॅनिंगला, म्हणजे हलत्या विषयामागे कॅमेरा फिरवताना, आयएसचा मोड २. मोनोपॉडवरही (एकपायी स्टँड) चालूच.

बंद करायचा तो हेड घट्ट, रिमोट किंवा २ सेकंदांचा टायमर आणि एक्स्पोजर लांब असेल तेव्हा. आयबीआयएस (कॅमेऱ्याच्या बॉडीतच असलेलं स्थिरीकरण) असलेल्या कॅमेऱ्यात बॉडीचं स्थिरीकरणही बंद झालंय का, ते मेनूत बघा. काही लेन्सांवर आयएसचा स्विचच नसतो.

आपल्या लेन्सचा कौल स्वतः घ्या. छापील मजकुराचा कागद भिंतीला लावा, फोकस मॅन्युअलवर ठेवा. १/६०, १/८ आणि २ सेकंदांना प्रत्येकी १० फोटो आयएस चालू ठेवून, १० बंद करून काढा. चालू असताना बटण अर्धं दाबून सेकंदभर थांबा, चित्र स्थिरावू द्या. मग १०० टक्के मोठं करून अक्षरांच्या कडा पाहा. एका फोटोवरून ठरवू नका, दहातले किती नीट आले ते मोजा.