नाक रजेवर, जेवण चालू

करोनाच्या टाळेबंदीच्या काळात ठाण्यातल्या घराघरांतून जे जे शिजले, ते सगळे तक्रार न करता खाऊ शकेल असा एकच मनुष्यप्रकार अस्तित्वात होता, आणि तो म्हणजे वास न येणारा रुग्ण. नौपाड्यातल्या आमच्या घरात हा मान जुलै २०२० मध्ये माझ्याकडे आला. शहरात २ जुलैपासून पुन्हा कडक टाळेबंदी लागली होती. ती आधी १२ तारखेपर्यंत होती, मग १९ पर्यंत लांबली, आणि त्याच सुमारास मला बारीक ताप आला, नाकात काडी घालून झाली व अहवालही आला. ऑक्सिमीटरवरचा आकडा ९५ च्या खाली उतरत नसल्यामुळे डॉक्टरांनी घरीच राहण्यास सांगितले. दुखणे सौम्य होते, असे आज मी ऐटीत लिहितो. त्या वेळी मात्र विम्याचे कागद कोणत्या कपाटात आहेत, याची मी रोज रात्री मनातल्या मनात उजळणी करीत असे.

आतल्या खोलीला लागून न्हाणीघर असल्याने ती खोली मला मिळाली आणि आई, पत्नी व कन्या या तिघी उरलेल्या घरात राहिल्या. दाराबाहेर एक स्टूल मांडले गेले. त्यावर ताट ठेवून पत्नी दार वाजवी आणि लगबगीने मागे सरके. खोकून वर्दी देण्याची आपल्याकडची जुनी पद्धत त्या दिवसांत चालण्यासारखी नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी दाराआडून विचारले, "आज आमटीला फोडणी दिली नाही का?" बाहेर शांतता पसरली. मग कन्या म्हणाली, "बाबा, फोडणीचा धूर आत्ता हॉलभर आहे. आई अजून शिंकते आहे." वास न येणे हे लक्षण केंद्र सरकारच्या यादीत जूनमध्येच दाखल झाले होते, हेही तिने लगेच ऐकवले. तिच्या आवाजात काळजी होती, पण निदान बरोबर आल्याचे समाधानही होते.

वास गेला की चव गेली, असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच गोष्टी कळतात. मेथीची भाजी मेथीची आहे आणि आमटीत गोडा मसाला आहे, ही बातमी नाक देते. त्यामुळे माझ्या दृष्टीने कॉफी हे गरम कडू पाणी झाले, वरणात फक्त मीठ उरले आणि सफरचंद व कांदा यांतला फरक डोळ्यांनी ठरवावा लागू लागला. तिखट मात्र शाबूत होते, कारण तिखट ही मुळात चवच नव्हे. ती जळजळ असते आणि वेगळ्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे जाते. या शारीरिक सत्याचा परिणाम असा झाला की, घरातल्या साऱ्या पदार्थांपैकी मला खऱ्या अर्थाने जाणवत होता तो एकटा काढा.

हा काढा आयुष मंत्रालयाने मार्चअखेर सुचवला होता. त्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका एवढेच जिन्नस होते. परंतु जिथे मंत्रालय थांबले तिथे आमची आई थांबणारी नव्हती. तिने त्यात ओवा, लवंग, गवती चहा आणि ज्येष्ठमध घातले, मनुकांचे प्रमाण "उगाच गोडमिट्ट नको" म्हणून कमी केले आणि तो दिवसातून तीनदा स्टुलावर पाठवण्यास आरंभ केला. चांगल्या पदार्थांचा आनंद हिरावून घ्यायचा आणि काढ्याची आग तेवढी शिल्लक ठेवायची, यात त्या विषाणूची खवचट वृत्ती दिसते.

त्याच वेळी आमचे स्वयंपाकघर प्रयोगशाळा झाले होते. बाहेरचे काही आणायचे नाही, असे ठरल्यामुळे बाहेरचे सर्व काही घरात करून पाहण्याची जिद्द शहरभर निर्माण झाली होती. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून, त्यावर केकचे भांडे ठेवण्याची विद्या पत्नीने याच काळात आत्मसात केली. कन्या इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी समप्रमाणात घेऊन मनगट दुखेपर्यंत फेटत असे आणि तो फेस दुधावर तरंगवून आधी त्याचे छायाचित्र काढीत असे. या सर्व उत्पादनांचा पहिला नमुना स्टुलावर येऊ लागला. मी चवीविषयी बोलू शकत नव्हतो, म्हणून पोताविषयी बोलू लागलो. "केक छान जाळीदार झाला आहे," असे मी म्हटले आणि तो खरोखरच जाळीदार होता. त्यातल्या खाण्याच्या सोड्यामुळे तो बाहेर कोणाच्याही घशाखाली उतरला नव्हता, हे मला नंतर कळले. विरजण आंबून गेलेली कढी, तळाला लागलेला रव्याचा लाडू, घरी भाजलेला आणि खिडकीत ठेवल्यास पावसाळी वाऱ्याने तावदान आपटू न देणारा पाव, हे सगळे मी कौतुकाने संपवले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावे न ठेवता जेवता आहात," असे पत्नी दाराबाहेरून म्हणाली. आईनेही त्याला दुजोरा दिला आणि एकूण घराचे माझ्या आजाराविषयीचे मत बरेच अनुकूल झाले.

खरी कसोटी बोंबलांनी घेतली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि २० तारखेला आषाढ अमावास्या होऊन २१ पासून श्रावण लागणार होता. तेव्हा श्रावणापूर्वी जे काही मासळीसुख मिळवायचे ते सुक्या मासळीतूनच मिळवणे भाग होते. पत्नीने डब्यातले सुके बोंबील काढले आणि तव्यावर भाजायला घेतले. भाजलेल्या बोंबलाचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही आणि ज्यांनी घेतलेला नाही त्यांना वर्णन पुरणार नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर वरच्या मजल्यावरून "ड्रेनेज लाइन तुंबली आहे काय?" अशी सभ्य पृच्छा आली. तिच्याखाली दुसऱ्या विंगमधल्या एका जाणकाराने "नाही, भाग्य लागते" असे उत्तर लिहिले. साऱ्या इमारतीला जे कळले होते, ते स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर बसलेल्या मला मात्र कळले नाही. मी निरागसपणे दार वाजवून विचारले, "आज काही शिजत नाही वाटते?" त्यानंतर आलेले बोंबील मी केवळ कुरकुरीतपणाच्या आधारावर खाल्ले. ते दुःख मी कोणाशी बोललो नाही.

विलगीकरणाची मुदत संपून मी हॉलमध्ये आलो तेव्हा श्रावण सुरू झाला होता. वास एकदम आला नाही. मधूनच एखादी झुळूक यावी तसा यायचा आणि जायचा, आणि त्याने परतण्यासाठी जो पहिला पदार्थ निवडला, तो काढा होता. ओवा, लवंग आणि ज्येष्ठमध यांची ती एकत्रित फौज प्रथमच नाकाशी भिडली आणि इतके दिवस आपण काय पीत होतो, हे मला समजले. आईला मात्र आनंदाने गहिवरून आले व तिने आणखी अर्धा पेला ओतला.

त्यानंतरच्या आठवड्यात साबुदाण्याची खिचडी पानात आली. मी पहिला घास घेतला आणि सहज म्हणालो, "दाण्याचे कूट जरा खवट लागते आहे." तिघींनी एकमेकींकडे पाहिले. घरकामाच्या मावशींना सोसायटीत अजून प्रवेश नव्हता. पत्नी उठली, माझ्यासाठी वेगळी ठेवलेली ताटवाटी तिने बेसिनमधल्या भांड्यांच्या ढिगावर ठेवली आणि म्हणाली, "अहो, आता तुम्ही पूर्ण बरे झालात. घासणी खिडकीत आहे."