शहापूरला कोसळली ती क्रेन नव्हती

31 जुलै 2023च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात, सरलांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर झालेल्या अपघातात 20 जणांचा जीव गेला. सकाळी सगळीकडे मथळा एकच, 'क्रेन कोसळली'. हा शब्द एकदा डोक्यात बसला की प्रश्नही क्रेनचेच पडतात. वायर तुटली का? ऑपरेटर झोपला होता का?

पडला तो गर्डर लाँचर, म्हणजे पुलाचे तुकडे उचलून खांबांवर बसवणारं यंत्र. तो जमिनीवर उभाच नसतो. त्याचे पाय पुलाच्या खांबांच्या माथ्यावर, म्हणजे पिअर कॅपवर, आणि मागे तयार झालेल्या स्पॅनवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पुलाच्या भागावर, असतात. वजन शेकडो टन. सेगमेंटच्या पुलाचं काम साधारण असं चालतं: कास्टिंग यार्डातून आलेले सेगमेंट, म्हणजे पुलाचे काँक्रीटचे तुकडे, विंचने उचलायचे, एचटी बारांनी (जास्त ताकदीच्या पोलादी सळ्यांनी) लाँचरला टांगायचे, सांध्यांना इपॉक्सी लावून एकमेकांना भिडवायचे, आतून केबल ओढून अख्खा स्पॅन एकसंध करायचा आणि जॅकने हळूहळू बेअरिंगवर, म्हणजे खांबावरच्या आधारावर, उतरवायचा. मग लाँचर स्वतःच पुढच्या खांबाकडे सरकतो.

हे सरकणंच सगळ्यात नाजूक. एरवी पायांना खांबाशी जखडून ठेवणारे बार सरकण्यासाठी सोडावे लागतात. पुढचं नाक पुढच्या पिअरला टेकेपर्यंत अधांतरी असतं आणि सगळा तोल मागच्या वजनावर. कुठला बार आधी सोडायचा, कुठला शेवटपर्यंत ठेवायचा, हे ड्रॉइंगमध्ये क्रमाने लिहिलेलं असतं. ते मोडायला वाईट हेतू लागत नाही. घाई पुरते. पन्नास वेळा सुरळीत झालेलं काम एक्कावन्नाव्या वेळी ड्रॉइंग न उघडता केलं जातं.

बाकी चुका दिसायला अगदी किरकोळ. एचटी बार कपलरमध्ये, म्हणजे दोन बार जोडणाऱ्या नळीत, अर्धाच शिरला, तरी बाहेरून पूर्ण बसल्यासारखा दिसतो. म्हणून दोन्ही बारांवर कपलरच्या अर्ध्या लांबीवर रंगाची खूण करतात; खूण कपलरच्या तोंडाशी आली की बार नीट बसला. या बारला वेल्डिंगचा रॉड नुसता चाटून गेला तरी तो तिथे ठिसूळ होतो आणि पुढे इशारा न देता काडीसारखा तुटतो. असा बार भंगारात टाकायचा असतो, पण बार महाग असतो आणि साइटवर सगळ्यांनाच वेल्डिंगसाठी कुठेतरी अर्थिंग हवं असतं! जॅकचंही तेच. भार जॅकवर थांबवायचा असेल तर लॉक नट, म्हणजे जॅकला त्या उंचीवर धरून ठेवणारा नट, आवळायलाच हवा. नाहीतर तेलाचा होज फुटला, सील गेलं, की ती बाजू खाली बसते आणि तिचा भार दुसऱ्या बाजूवर जातो.

लाँचर धड असला तरी त्याखालचं काँक्रीट दगा देऊ शकतं. 12 जुलै 2009ला दिल्लीत जमरूदपूरला मेट्रोच्या कामावर पिअर कॅपच मोडली आणि लाँचरसकट सगळं खाली आलं. 6 जण गेले. दुसऱ्या दिवशी तो ढिगारा उचलायला आणलेल्या क्रेनही उलटल्या. अपघातानंतरची घाई तिथे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली.

वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीचं सर्टिफिकेट दाखवून कुणी समाधान करत असेल तर ऐकू नका. ते यंत्राचं असतं. अँकरिंग दर स्पॅनला नव्याने होतं, त्यामुळे सही दर स्पॅनला हवी, आणि तीही वर चढून बघितलेल्या माणसाची. शिवाय एक उपाय जवळजवळ फुकटचा आहे. लाँचर हलत असताना वर आणि खाली फक्त त्या कामाला लागणारी माणसं ठेवायची, बाकीच्यांना दोरी बांधून लांब. लाँचर पडणं एकवेळ अपघात म्हणू. त्यासोबत 20 माणसं जाणं हा नियोजनाचा प्रश्न आहे.

नंतर काय झालं? प्रत्येक मृताच्या कुटुंबाला राज्याचे 5 लाख, केंद्राचे 2 लाख, आणि भारतीय दंड संहितेच्या 304अ (निष्काळजीपणामुळे मृत्यू) खाली गुन्हा. त्या कलमात जास्तीत जास्त शिक्षा 2 वर्षं. (आता न्याय संहितेच्या 106मध्ये 5 वर्षं आहेत, पण त्याआधीच्या गुन्ह्याला ती लागत नाहीत.) इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025ला सुरू झाला आणि आपण गाडीला किती तास लागले ते मोजू लागलो.

अमेरिकेत सिएटलला एप्रिल 2019मध्ये टॉवर क्रेन उतरवताना पडली, 4 जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या कामगार विभागाने कारण जाहीर केलं: मास्टच्या, म्हणजे क्रेनच्या उभ्या मनोऱ्याच्या, तुकड्यांना जोडणाऱ्या पिना वेळेआधीच काढल्या होत्या, त्यामुळे वाऱ्याच्या झोताला मास्ट टिकला नाही. हे वाचल्यावर पुढची क्रेन उतरवणाऱ्या कुठल्याही फोरमनला कळतं की आज कशाला हात लावायचा नाही.

सरलांब्याबद्दलही हेच हवं. कुठल्या पिअरवर, कुठल्या सपोर्टचा कुठला बार, कुणाच्या सांगण्यावरून, कितव्या पायरीला सुटला किंवा तुटला. 'मानवी चूक' आणि 'तांत्रिक बिघाड' हे शब्द न वापरता, मराठीत आणि हिंदीत, दर लाँचरच्या शिडीपाशी चिकटवता येईल एवढ्या एका पानात.