‘हवा काढा, संपलं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच लिहायला बसलो होतो, पण डोकं तापलेलं असताना लिहू नये म्हणून सकाळपर्यंत थांबलो. राग पूर्ण गेलाय असं नाही, तेव्हा एखादा शब्द लागला तर लागला.

इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. जुन्या गाडीच्या ब्रेकवरच्या लेखात मी म्हटलं होतं की पाय दाबून ठेवल्यावर पॅडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, तपासा. त्यावर यांनी लिहिलंय, “पॅडल खाली जातं म्हणजे लाइनमध्ये हवा आहे. हवा काढा, संपलं. चार व्हिडिओ बघून लेख लिहिणाऱ्यांनी लोकांना मास्टर सिलिंडरच्या खर्चात पाडू नये.” शिवाय ब्रेक ऑइल, हँडब्रेकची केबल आणि लेखाची लांबी यांवरही नाराजी आहे.

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण ‘चार व्हिडिओ’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? माझी ओळख नाही, माझी गाडी तुम्ही पाहिलेली नाही. तीस वर्षं या धंद्यात आहात असं स्वतःच लिहिता, मग तर तुम्ही जास्त जपून बोलायला हवं होतं. तुमच्या शब्दावर विसंबून उद्या कोणीतरी गाडी रस्त्यावर काढणार आहे. ‘तुमचा मुद्दा पटला नाही, कारण असं असं’ एवढं लिहिलं असतं तर मी आनंदाने बोललो असतो. कारण मात्र तुम्ही एकही दिलेलं नाही.

एक चूक माझी आहे, ती मान्य करतो. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइलं कधीच एकत्र करू नयेत असं मी लिहिलं होतं. दोन्ही ग्लायकॉलवरची आहेत, मिसळली तर बिघडत नाही, फक्त उकळबिंदू खाली येतो. मिसळायचं नाही ते सिलिकॉनचं डॉट ५. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता हवेचं. ब्रेक ऑइलच्या नळ्यांत शिरलेली हवा दाबली जाते, म्हणून पॅडल पहिल्यापासूनच मऊ लागतं, स्पंजसारखं. दोन-तीनदा पटापट मारलं की वर येतं आणि कडक होतं. पण एकदा दाबून धरलं की ती हवा जेवढी दबायची तेवढी दबते आणि पॅडल तिथेच थांबतं. पायाचा जोर तोच ठेवून ते खाली सरकत राहिलं, तर ऑइल कुठेतरी जातंय हे उघड आहे. चाकांपाशी थेंब नाही, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) यांच्यामधली जागा कोरडी, ऑइलच्या डबीतली पातळी तसूभरही कमी नाही. मग ते जातं कुठे? सिलिंडरच्या आतल्या रबरी वॉशरच्या कडेवरून मागे, परत डबीतच. म्हणून तर पातळी उतरत नाही. आणखी एक खूण आहे. जोरात दाबलं तर वॉशरची कड फाकून सिलिंडरला चिकटते आणि ब्रेक धरतात, हलकं दाबून ठेवलं तर ऑइल निसटतं. सिग्नलला उभं असताना जाणवतं ते हेच. इंजिन बंद करून, पाच-सहा वेळा पॅडल मारून बूस्टरचा व्हॅक्यूम संपवा आणि मग अर्धा मिनिट पाय धरून ठेवा, पॅडल खाली सरकतं का बघा. याला ना पाना लागतो ना पैसा.

हे मला माझ्या १९ वर्षांच्या गाडीने शिकवलं. तिचं पॅडल असंच बसायला लागलं तेव्हा एका गॅरेजमध्ये तीन वेळा हवा काढून घेतली. प्रत्येक वेळी ‘आता बघा, एकदम कडक’ असं ऐकून घरी आलो. तिसऱ्या खेपेनंतर आठवड्याच्या आत एका उतारावर पॅडल थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. शेजारच्या सीटवर मुलगी होती. तुम्ही ‘संपलं’ हा शब्द किती सहज लिहिलात, ते वाचताना मला तो उतार आठवला.

नंतर सिलिंडर मी स्वतः उघडला. नव्या वॉशरची कड पातळ असते, नखाने दाबली की लवते आणि सुटली की जागेवर येते. यातल्या एकाची कड एका बाजूने कातरल्यासारखी होती आणि रबराचा काळा रंग बोटाला लागत होता. सिलिंडरमध्ये टॉर्च मारला तर पुढच्या निम्म्या भागात बारीक खड्डे. रोजच्या वापरात वॉशर तिथवर पोचतच नाहीत, त्यामुळे त्या भागात वर्षानुवर्षं गाळ आणि गंज साचतो. हवा काढताना मात्र पॅडल तळापर्यंत मारतात आणि वॉशर त्याच खरखरीत भागावर घासतात. म्हणजे तुमचा उपाय नुसता अपुरा नाही, जुन्या गाडीत तो रोग वाढवू शकतो. म्हणूनच हवा काढताना पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा असं लेखात होतं. ते वाक्य तुम्ही वाचलं नसावं, कारण लेख ‘फार लांब’ होता.

खर्चाबद्दल म्हणाल, तर मी आधी तपासा म्हटलंय, बदला नाही. खड्डे नसतील तर नुसतं रबर किट, म्हणजे नव्या वॉशरचा संच, टाकूनही काम होतं. हँडब्रेकच्या केबलचा इथे संबंध नाही, त्यावर वेळ घालवत नाही.

पुन्हा लिहिणार असाल तर एवढंच सांगा. चारही चाकं कोरडी आहेत, डबीतली पातळी जागेवर आहे, इंजिन बंद आहे, आणि कडक लागलेलं पॅडल अर्ध्या मिनिटात तळाला जातं. तुम्ही काय उघडाल?