सबब हा निबंध

मंगळवारी संध्याकाळी साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या एका इंग्रजीच्या क्लासमध्ये चौदा पोरापोरींसमोर माझा निबंध मोठ्याने वाचला गेला. आमच्या शाळेत निबंध चांगला झाला तरच वाचून दाखवायचे. म्हणून पहिल्या परिच्छेदाला मी मान खाली घालून, ओढणीचं टोक चाळवत, लाजल्यासारखी बसले होते. शेवटच्या परिच्छेदाला पोरं बाकांवर डोकी टेकून हसत होती. मान माझी तेव्हाही खालीच होती.

मी स्टाफ नर्स. नोकरीला चौदा वर्षं झाली. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर आधी इंग्रजी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी मी आयईएलटीएस ही परीक्षा निवडली. वाचणं, ऐकणं, बोलणं यांत नऊपैकी सात लागतात, लिहिण्यात साडेसहा. वाचणं-ऐकणं-बोलणं होतंय कसंबसं. लिहिण्यात मी पाचावर धारण बसल्यासारखी पाचावरच बसले आहे. अडीचशे शब्दांचा निबंध, साधारण चाळीस मिनिटं, आणि क्लासच्या सराव परीक्षेत विषय आला, लोक खेडं सोडून शहरात का जातात.

हा विषय मला कोणी शिकवायला नको. पाटण तालुक्यातलं आमचं निम्मं गाव मुंबईच्या गिरण्यांत होतं. आजोबा एका खोलीत बारा जणांबरोबर राहिले, पाळीपाळीने झोपले, खानावळीत जेवले आणि 82 च्या संपानंतर ट्रंक घेऊन गावी परत आले. तेच मी इंग्रजीत लिहिलं. ‘माय ग्रँडफादर वेंट टू मुंबई. ही वर्क्ड इन अ मिल. देअर वॉज अ स्ट्राइक. ही केम बॅक.’ सरांनी खाली लाल पेनाने लिहिलं, ‘व्हेअर आर युअर लिंकिंग वर्ड्‌स?’ आणि पाच.

सर पंचवीस-सव्वीसचे असतील. म्हणाले, “मॅडम, तुमचे विचार तुटक आहेत.”

इथे मला थोडं बोलायचंय. माझे विचार तुटक नाहीत, माझी नोकरी तुटक आहे. आमच्या नोंदींमध्ये एक वाक्य दुसऱ्याला ओळख देत नाही. ‘पेशंट कॉन्शस. ओरिएंटेड. बीपी 130/80. ड्रेसिंग डन. डॉक्टर इन्फॉर्म्ड.’ संपलं. यात मोअरओव्हर घालून बघा. ‘पेशंट कॉन्शस आहे. शिवाय ओरिएंटेडही आहे. तथापि बीपी…’ तोवर बीपी कुठल्या कुठे गेलेलं असतं. आणि ‘बिकॉज’ तर वॉर्डात वर्ज्यच. पेशंट कॉटवरून पडला तर ‘नातेवाइकाने कठडा खाली केला म्हणून पडला’ असं लिहायचं नाही. मी बघितलं का? नाही ना? मग लिहायचं, ‘पेशंट जमिनीवर आढळला. कठडा खाली होता. डॉक्टरांना कळवलं.’ मधली जोड ज्याची त्याने लावावी. पहिल्याच आठवड्यात इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या होत्या, “कारण लिहिशील तर ते शाबीत करायला तूच उभी राहशील.” चौदा वर्षं मी एकही कारण लिहिलेलं नाही. आणि आता कारण लिहीत नाही म्हणून मला पाच.

असो. सरांनी साठ जोडशब्दांचा एक तक्ता दिला. मी तो फ्रिजवर चिकटवला. दुधाच्या हिशेबाचा कागद त्याखाली गेला, त्यावरून घरात झालं ते वेगळंच.

एकेक शब्द म्हणजे एकेक नखरा. ‘बट’ बिचारा कुठेही खपतो. ‘हाउएव्हर’ मात्र मोठ्या घरची सून. आधी पूर्णविराम नाहीतर अर्धविराम, मागून स्वल्पविराम, दोन्ही बाजूंना माणसं असल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. ‘इन स्पाइट’च्या मागे ‘ऑफ’ लावायचा, ‘डिस्पाइट’च्या मागे लावला की चूक. अर्थ एकच. ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी आणि त्याला एक स लागला की ‘शिवाय’. ‘ऑन द अदर हँड’ आणि ‘ऑन द कॉन्ट्ररी’ यांतला फरक मला तीनदा समजला आणि तीनदा गेला. पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालचा भुयारी रस्ता, नवा झाला तेव्हा मी गाडी घेऊन खाली शिरले होते, कुठल्या तोंडातून वर निघेन याचा पत्ता नव्हता. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ने वाक्य सुरू केलं की मला अजून तसंच होतं.

सगळ्यात मोठं दुखणं ‘ऑलदो’चं. ‘ऑलदो ही वॉज इल, बट ही वेंट टू वर्क.’ सर म्हणाले, ऑलदो असेल तर बट नको. का नको? ‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच. ‘जर’ आला की ‘तर’ येतो. आमच्याकडे जोडीनेच बोलवायची पद्धत आहे. इंग्रजीत नुसत्या ऑलदोला बोलवायचं आणि बटला घरी बसवायचं, हे माझ्या हाताला जमतच नाही. पेन आपोआप बट लिहितं.

तरी मी पुन्हा लिहिलं. ‘मोअरओव्हर, माय ग्रँडफादर वेंट टू मुंबई. हाउएव्हर, ही वर्क्ड इन अ मिल. देअरफोर, देअर वॉज अ स्ट्राइक. फरदरमोअर, ही केम बॅक.’ म्हणजे आजोबा कामाला लागले म्हणून संप झाला. बिचाऱ्यांनी उभ्या आयुष्यात कधी मुकादमाला उलट उत्तर दिलं नव्हतं.

पुन्हा पाच. शेरा, ‘मेकॅनिकल’.

मग मी गुणांचं कोष्टक मागून घेतलं. पाच गुणांच्या चौकटीत काय लिहिलेलं असावं? जोडशब्द कमी पडले तरी पाच आणि अति झाले तरी पाच. एकाच चौकटीत, एकाच ओळीत. सर्वांत वर नऊ गुणांची चौकट, तिथे म्हटलंय की जोड अशी असावी, जिच्याकडे लक्ष सहसा जाऊच नये. मला हसू आलं. आमच्याकडे त्वचेच्या आतून टाके घालतात, जखम भरली की वरून रेघसुद्धा धड दिसत नाही, ती ही गोष्ट. पण असा टाका घालायला सर्जन लागतो आणि मला दिलाय साठ सुयांचा डबा.

तिसरा निबंध सरांना टाइप करून हवा होता. माझं अक्षर बघून “डॉक्टरांच्या संगतीचा परिणाम” असं ते म्हणाले, तेही मी लक्षात ठेवलंय. घरी कॉम्प्युटर नाही. ड्यूटी संपवून मी कोर्टाजवळच्या गल्लीत टायपिंगवाल्या काकांकडे गेले. दुकान कसलं, जिन्याखालची खबदाड. झेरॉक्स, टायपिंग, ॲफिडेव्हिट आणि लग्नपत्रिका. जुना टाइपरायटर अजून कोपऱ्यात आहे, त्याला वाळलेला झेंडूचा हार. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझा कागद उजेडाला धरला.

“वादी कोण?”

“वादी नाही काका, निबंध आहे.”

“बरं. मग हे मुंबईला गेलेले?”

“आजोबा माझे.”

“जमिनीला नाव लागलं होतं का जाताना?”

“काका, इंग्रजीची परीक्षा आहे हो.”

“ते कळलं मला. पण माणूस गाव सोडतो तेव्हा पहिली गोष्ट सातबारा.” त्यांनी परत पहिली ओळ वाचली आणि जीभ टाळ्याला लावून च्‌ केलं. “हे लूज आहे, सिस्टर. माय ग्रँडफादर वेंट टू मुंबई. कोण म्हणतं? उद्या कोणीपण म्हणेल. दॅट लावा पुढं. दॅट माय ग्रँडफादर वेंट टू मुंबई. आता बघा कसं खुंटीला बांधल्यागत बसलं.”

मी तक्ता दाखवला. साठ शब्द त्यांनी बोट ठेवून वाचले, हॉटेलात भाव बघतात तसे. “एवढे कशाला? बत्तीस वर्षं इंग्रजी टाइप करतोय, चाळीसच्या स्पीडनं. इंग्रजीत जोडशब्द दोनच. सुरुवातीला दॅट, शेवटाला हेन्स. मधलं वकील बघून घेतात. हाउएव्हर तर घालूच नका, समोरचा लगेच पकडतो. हाउएव्हर म्हणजे आपण आधी बोललो त्यात काहीतरी खोट होती, असं आपणच कबूल केल्यासारखं.”

“आणि बिकॉज?”

काकांनी चष्मा काढला. “सिस्टर, बिकॉजनं घरं बसलीत. गेल्या साली एकानं अर्जात लिहिलं, बांध कोरला कारण भावकीचं वाकडं. बांध कोरलेला दिसत होता, मोजणीत आला असता. आता वाकडं शाबीत करत बसलाय.”

मला आमच्या इन्चार्ज सिस्टर आठवल्या. या दोघांची गाठ कोणीतरी घालून द्यायला हवी.

तोपर्यंत मागे सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला थांबलेले एक मामा पुढे वाकले होते. धोतर, टोपी, हातात पिशवी. बराच वेळ ते माझ्या कागदाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, “आजोबा म्हागारी आलं का पन?”

“आले. संपानंतर.”

“मंग बरं झालं,” मामा म्हणाले आणि पुन्हा भिंतीला टेकून उभे राहिले.

हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. अडीचशे शब्द मी ज्यासाठी तीनदा लिहून काढले, ते मामांनी तीन शब्दांत उरकलं. माझी आजीसुद्धा सगळं ‘आन मंग’वरच सांगायची. आन मंग भोंगा बंद झाला, आन मंग पैसं यायचं थांबलं, आन मंग एक दिवस एसटीतनं उतरलं की ह्ये. एकच शब्द, शंभर वेळा. पण पैसे थांबल्याच्या आधीचा ‘मंग’ आणि एसटीतून उतरल्याच्या आधीचा ‘मंग’ कानाला वेगळे लागायचे. तिला कोणी मेकॅनिकल म्हणालं नाही. शाळेत बाईंनी उभयान्वयी अव्ययं शिकवली तेव्हा समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक असा पाढा मी पाठ केला होता. आजीला म्हणून दाखवला, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

काकांनी टाइप केलं. मला नाइट ड्यूटीच्या आधी दोन तास झोपायचं होतं. ‘दॅट’ लावू नका एवढं मी बजावलं, त्यांनी “बरं बरं” म्हटलं. कागदाला पिन मारली, दोन पानांचे चाळीस रुपये घेतले. निबंध एक पान होता, दुसरं पान कसलं हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. सहीची जागा सोडली असेल म्हटलं.

मंगळवारी सरांनी पहिलं पान वाचलं. “बेटर, मॅडम,” असं खरोखर म्हणाले. मग पान उलटलं आणि त्यांचा आवाज बदलला. हळूहळू, एकेक शब्द चघळत त्यांनी वाचलं, ‘हेन्स धिस एसे. अँड फॉर धिस ॲक्ट ऑफ काइंडनेस, द पिटिशनर शॅल, ॲज इन ड्यूटी बाउंड, एव्हर प्रे.’ खाली ‘सातारा’, ‘दिनांक’ आणि सहीसाठी टिंबांची रेघ.

म्हणजे, सबब हा निबंध. या उपकाराबद्दल अर्जदार कर्तव्य म्हणून सदैव प्रार्थना करील.

हसू मलाही आलं असतं. तशी मी हसरी आहे. पण सरांनी ते पुन्हा वाचलं, यावेळी प्रार्थनेसाठी हात जोडून, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीने मोबाइल काढला. ती वीस वर्षांची आहे, तिला साडेसहा मिळतात, तिने त्याच दिवशी निकालाचे कंदी पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले होते. आदल्या रात्री मी बारा कॉट एकटीने सांभाळल्या होत्या. पहाटे चारला एकाचं ऑक्सिजन खाली आलं, मी डॉक्टरांना उठवलं, काय झालं ते फोनवर चार तुटक वाक्यांत सांगितलं. डॉक्टर मला व्हेअर आर युअर लिंकिंग वर्ड्‌स म्हणाले नाहीत. चप्पल न घालता आले. पेशंट सकाळी चहा मागत होता. हे मी वर्गात बोलले नाही, कारण त्यात कुठला शब्द कुठे जोडायचा ते मला सुचेना. सरांनी पाचच दिले. म्हणाले, शेवट विषयाला सोडून आहे.

बुधवारी मी काकांकडे गेले. वीस रुपये परत मागायला. भांडायचंच ठरवून गेले होते.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पान मागितलं, लाल शेरे एकेक करून वाचले, ‘हेन्स’च्या खालच्या रेघेवर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “तुमच्या साहेबांनी काइंडनेस मान्य केली नाही तर. हरकत नाही. अपील करू.”

“काका, क्लास आहे तो.”

“क्लासच्या वरती कोणीतरी असेलच की. मी मसुदा करतो, यावेळी दॅट लावूनच. तीन पानं धरा.”

वीस रुपये दिले नाहीत.