धुकं नाहीये ते काका, धूळ आहे!

आज सकाळी सात वाजता सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी फोटो टाकला, ‘मस्त धुकं पडलंय, चेंबूरचं महाबळेश्वर झालं’, आणि खाली धडाधड अंगठे. डोकंच फिरलं माझं.

अहो धुकं असतं तर खिडकीची जाळी पुसलेलं फडकं एवढं काळंकुट्ट कसं निघालं असतं? काल रात्री दहाला पुसून झोपले होते, सकाळी बोट फिरवलं तर परत रेघ. तुळशीची पानं राखाडी झालीयेत, पूजेच्या आधी आई आता ती पाण्याने धुते. आणि आई स्वतः पंधरा दिवस खोकतेय, डॉक्टर म्हणतात सध्या सगळ्यांनाच आहे, जसं काय लग्नसराईच आहे.

यावर काही बोलावं तर ठरलेलं उत्तर, ‘आपल्याला समुद्र आहे गं, दिल्लीसारखं नाही होत इथे’. कान किटले हे ऐकून. समुद्र आहे ना, पण वारा तुमचा पगारी नोकर आहे का? दुपारी समुद्राकडून येतो, तोही थंडीत उशिरा आणि मरगळलेला, आणि रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे रात्री घाण बाहेर ढकलायची आणि दुसऱ्या दिवशी त्यातलीच थोडी परत घरात आणायची. त्यात पहाटे जमीन गार, वर ऊबदार हवेचा थर, कुकरचं झाकण लावल्यासारखं सगळं खालीच कोंडून राहतं, ऊन तापेपर्यंत हलत नाही. आणि आम्ही कुठे राहतो तर एका बाजूला ट्रॉम्बेचा डोंगर, त्याच्या पलीकडे ठाण्याची खाडी, आणि डोंगराच्या अलीकडच्या सखल भागात आम्ही. खाडीची ओल धुळीच्या कणांना चिकटते, कण फुगतात आणि दिसायला एकदम धुकं. काढा फोटो.

पावसाळ्यात आम्हालाही वाटतं की आपली हवा झकास आहे. चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरच्या वर पाणी पडतं, सगळं धुऊन निघतं, हवा मोजणाऱ्या अॅपवर हिरवा आकडा. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की फुकटची धुणंवाली गेली, आणि नेमकी तेव्हाच थांबलेली खोदकामं, तोडकामं, रस्त्यांची काँक्रीटची कामं, सगळं एकदम सुरू, मग थेट फेब्रुवारीपर्यंत भोगा.

बरं, नियम नाहीत असंही नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई महापालिकेची बांधकामांसाठी नियमावली निघाली, एक एकरापेक्षा मोठ्या प्लॉटला 35 फूट उंच पत्रे, लहान असेल तर 25 फूट, वर हिरवं कापड, पाणी मारायचं, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुवायची. आमच्या शेजारी टॉवर उठतोय तिथे हे सगळं आहे, अगदी सगळं! पत्रे आहेत, पण ग्राइंडर चालतो अकराव्या मजल्यावर, तिथली धूळ पत्र्याला विचारून खाली येते का? हिरवं कापड फाटून पताकेसारखं लोंबतंय. आणि चाकं धुवायला गेटपाशी एक खड्डा केलाय, त्यात ट्रक चाक बुडवतो, चिखल घेऊन रस्त्यावर येतो, दहाच्या उन्हात तो चिखल वाळतो, मग रिक्षा, टेम्पो, स्कूलबस, जो जाईल तो त्याची पावडर करून आमच्या खिडकीत पाठवतो. मी चार दिवस गॅलरीत उभं राहून बघितलंय हे. वॉचमनला सांगायला गेले तर म्हणे, ‘मॅडम, साहेब येतात तेव्हा पाणी मारतो ना’.

आणि ते अॅपमधले शब्द तर अजून डोक्यात जातात. प्रदूषणाचा आकडा 180 आणि खाली लिहिलेलं ‘मध्यम’. 101 ते 200 म्हणजे मध्यम! मध्यम काय, चहात साखर आहे का? पीएम 2.5 चे कण, जे थेट फुप्फुसात खोलवर जातात, त्यांची आपल्याकडची 24 तासांची मर्यादा घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते 15. चौपट सूट घेऊनसुद्धा आपण नापास होतो आणि वर मॉर्निंग वॉकला जातो, ते पण पहाटे साडेपाचला, झाकण सगळ्यात घट्ट असतं तेव्हा. आमच्या बागेतला हास्यक्लब बघा एकदा, सगळे आजोबा दोन्ही हात वर करून छातीभर ओढून घेतात आणि मग हा हा हा.

शेवटी राहवेना म्हणून ग्रुपवर लिहिलं, ‘काका, धुकं नाहीये ते, शेजारच्या साइटची धूळ आहे, खिडक्या बंद ठेवा, नातवाला दम्याचा त्रास आहे ना तुमच्या.’ काकांनी हात जोडलेला इमोजी टाकला, आणि दहा मिनिटांनी त्याच फोटोवर गुलाबाचं फूल लावून ‘शुभ सकाळ’.