वैद्यकीय ग्रंथालयात इंटर्नशिप करू इच्छिणाऱ्यांना हिताच्या चार गोष्टी

ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेताना एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चार आठवडे काढण्याचे भाग्य आपल्या वाट्याला आले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. माझे चार आठवडे गेल्या शनिवारी संपले आणि प्रमाणपत्रही हाती पडले, त्यामुळे अधिकारवाणीने काही सांगायला आता हरकत नाही.

पहिल्या दिवशी वही नेऊ नका, फडके न्या.

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची वर्गीकरण पद्धती आपण परीक्षेसाठी पाठ केलेली असते. बालरोग ‘डब्ल्यूएस’मध्ये आणि शस्त्रक्रिया ‘डब्ल्यूओ’मध्ये जाते, हे झोपेतही सांगता येते. हे ज्ञान कृपया घरीच ठेवून यावे. तिथे सारे वैद्यकशास्त्र ड्यूईच्या दशांश वर्गीकरणातल्या 610 ते 619 एवढ्या जागेत दाटीवाटीने नांदत असते, आणि 617 ची पुस्तके 616 च्या कपाटात का, असे विचारलेच तर ‘जागा तिथेच होती’ असे शास्त्रशुद्ध उत्तर मिळते.

आपले खरे प्रशिक्षण म्हणजे बारकोड. लेबल कापावे, सोलावे, मुखपृष्ठावर सरळ चिकटवावे, त्यावर पारदर्शक टेप ओढावी आणि पुढचे पुस्तक घ्यावे. ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत त्या पुस्तकाची नोंद कशी होते हे पाहण्याची इच्छा झाल्यास आवरावी, कारण इंटर्नला पासवर्ड देत नाहीत. बदल हवा असेल तर शिक्का मारावा: शीर्षकपृष्ठावर, शेवटच्या पानावर आणि त्या ठरलेल्या गुप्त पानावर, जे ग्रंथालयातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

इन्स्पेक्शनच्या आठवड्यात वेगवेगळ्या शाईची तीन पेने जवळ असू द्यावीत. वाचकांची नोंदवही मागील तारखांपासून भरताना सर्वत्र एकच शाई दिसणे बरे नव्हे.

वाचनकक्षात एप्रन टाकून अडवलेल्या खुर्च्यांना हात लावू नये. त्या खुर्च्यांवर माणूस बसत नाही, पण त्या रिकाम्याही नसतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एखादा वाचक खरोखरच काही विचारायला आला, तर मान वर करू नका. ही चूक मी तिसऱ्या आठवड्यात केली. रात्रपाळी संपवून आलेली एक निवासी डॉक्टर ‘संदर्भसेवा’ अशी पाटी असलेल्या टेबलापाशी उभी राहिली. मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमा हा तिच्या प्रबंधाचा विषय होता आणि सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायला थोडेच दिवस उरले होते. ग्रंथपाल सर म्हणाले, ‘गूगलवर टाका ना मॅडम, सगळं मिळतं.’ आता, पबमेड हे वैद्यकीय लेख शोधण्याचे संकेतस्थळ 1997 पासून सर्वांना मोफत खुले आहे. त्यातल्या बहुतेक लेखांना ‘मेश’ या प्रमाणित यादीतले विषयमथळे दिलेले असतात आणि ही मथळ्यांची यादी 1960 पासून जपली, सुधारली जात आहे. लेखकाने ‘कॅन्सर’ लिहिले काय किंवा ‘ट्यूमर’ लिहिले काय, ‘निओप्लाझम्स’ या मथळ्याखाली लेख एकत्र सापडावेत, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. तिच्या विषयाला तर ‘डायबेटिक फूट’ असा तयार मथळाच आहे. त्याला दुसरा मथळा जोडायचा, वर्षांची मर्यादा घालायची, आणि अर्ध्या तासात तिच्या हाती कामाची यादी आली असती. मी उठले. सर म्हणाले, ‘ते राहू दे, आज दोनशे लेबलं व्हायला हवीत.’ ती बिचारी मोबाइलवर एक वाक्य टाइप करत निघून गेली. मागच्या भिंतीवर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची तसबीर होती. त्यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे आहे. दर 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्या तसबिरीला हार घालतात. आत चौथे सूत्रही असते, हे कुणी तरी हार घालणाऱ्यांना सांगायला हवे.

प्रमाणपत्राची काळजी करू नये. ‘मजकूर तूच टाइप करून आण, मी सही करतो,’ असे सांगतात. मीही टाइप केला: ‘वैद्यकीय माहितीशोध व संदर्भसेवा यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले.’ सरांनी तो न वाचता सही केली.

आता थट्टा पुरे. सर, त्या कागदावरचे वाक्य खोटे आहे, ते मी लिहिले याची मला लाज वाटते, आणि तुम्हालाही वाटली पाहिजे. ती पाटी लावण्यासाठी नव्हे, तिच्यामागे बसून उत्तरे देण्यासाठी तुम्हाला पगार मिळतो. तुम्हाला मेश येत नसेल तर शिका. त्यात कमीपणा नाही. पण ज्याला थोडेफार येते त्याला लेबलांच्या ढिगाशी बसवून वाचकाला दारातून परत पाठवणे हा निव्वळ आळस आहे. आणि आमच्या विभागाने चार आठवड्यांत एकदाही कुणाला पाहायला पाठवले नाही, फक्त सही-शिक्का तपासून गुण दिले. तेही तितकेच दोषी आहेत. पुढच्या महिन्यात माझ्या मागच्या वर्गातल्या दोघी तिथेच येणार आहेत. त्यांना एक संगणक, एक लॉगिन आणि संदर्भसेवेच्या टेबलावर बसायला रोजचे दोन तास द्या. लेबले चिकटवायला माणूस हवा असेल, तर रोजंदारीवर ठेवा आणि त्याचे पैसे द्या.