ओतून द्यायचं पाणी

"एका रुपयात किडनी साफ करा" हा मेसेज गेल्या काही वर्षांत मला दहा-बारा जणांनी तरी पाठवला असेल. मजकूर थोडक्यात असा: वर्षानुवर्षं रक्त गाळून किडनीत मीठ आणि विष साचतं. कोथिंबिरीची जुडी धुऊन चिरा, दहा मिनिटं पाण्यात उकळा, गाळून बाटलीत भरा, रोज एक ग्लास प्या. साचलेलं सगळं लघवीवाटे बाहेर पडताना तुम्हालाच दिसेल. हल्ली त्याला शेपूटही जोडलेलं असतं: अमक्याचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) सातवरून दोनवर आलं, डायलिसिस सुटलं, घरगुती उपाय आहे, अपाय काहीच नाही, डॉक्टर हे सांगणार नाहीत.

माझे वडील तीन वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातले तीन दिवस युनिटबाहेरच्या बाकावर बसून जे विचारलं, जे वाचलं, त्यावरून या मेसेजमधली एकेक गोष्ट घेतो.

पहिली, मीठ साचण्याची. किडनी म्हणजे चहाची गाळणी नव्हे, की खाली चोथा बसला आणि घासून काढला. एकेका किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. दोन्ही मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. लघवी म्हणून उरतो तो लिटर-दीड लिटर. मीठ किती ठेवायचं, किती सोडायचं हा हिशेब तिथे क्षणोक्षणी चालू असतो. मधुमेहाने किंवा वाढलेल्या रक्तदाबाने किडनी बिघडते तेव्हा हे नेफ्रॉन तुंबत नाहीत, ते वण पडून मरतात. आणि नवे नेफ्रॉन तयार होणं आईच्या पोटातच, जन्माच्या थोडं आधी थांबलेलं असतं. मेलेला नेफ्रॉन कशानेही धुऊन निघत नाही. मुतखडा होतो तो वेगळा आजार, त्याची गल्लत इथे करू नये.

दुसरी, "बाहेर पडताना दिसेल". कोथिंबिरीने लघवी वाढते याला थोडा आधार आहे, तो लपवायचं कारण नाही. मोरोक्कोत धण्यांचा वापर लघवी साफ होण्यासाठी पूर्वापार होतो. तिथल्या संशोधकांनी 2008 मध्ये धण्यांचा पाण्यातला अर्क भूल दिलेल्या उंदरांच्या शिरेत सोडला आणि त्यांची लघवी वाढलेली नोंदवली. पण उंदराच्या शिरेतून दिलेला अर्क आणि माणसाने प्यायलेला ग्लास यांत अंतर आहे. शिवाय लघवी जास्त झाली म्हणजे रक्त जास्त शुद्ध झालं, असं नसतं. माझ्या वडिलांना डायलिसिस लागलं तेव्हा लघवी भरपूर होत होती. पाण्यासारखी, रंग नसलेली. म्हणूनच आम्ही गाफील राहिलो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते: "अपाय काहीच नाही". हिरव्या पालेभाज्यांत पोटॅशियम भरपूर असतं, कोथिंबिरीतही. निरोगी किडनी जादा पोटॅशियम बाहेर टाकते. निकामी झालेल्या किडनीला ते जमत नाही, मग रक्तात त्याची पातळी चढते. 3.5 ते 5 ही साधारण मर्यादा. ती सहा-सातच्या घरात गेली की हृदयाचे ठोके बिघडतात आणि काही वेळा हृदय कसलीही सूचना न देता थांबतं. म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी आईला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. आता मेसेजमधली कृती पुन्हा वाचा. चिरा, उकळा, पाला टाका, पाणी प्या. ज्याला हे पाणी वर्ज्य, नेमक्या त्यालाच ते रोज ग्लासभर सांगितलं जातंय. आमटीवर चिमूटभर कोथिंबीर आई वडिलांना शेवटपर्यंत घालत होती. प्रश्न कोथिंबिरीचा नाही, काढ्याचा आहे.

"वनस्पती आहे, म्हणजे निरुपद्रवी" हा समज तर फार महागात पडलेला आहे. 1990 च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये बायकांना वजन उतरवायला चिनी वनौषधी दिल्या गेल्या. त्यात एका मुळीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच मुळी आली. शंभरहून जास्त जणींच्या किडन्या खराब झाल्या, अनेकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्याच कुळातली सापसंद आपल्याकडेही औषध म्हणून वापरली जाते. आपलं करंबळ, म्हणजे कमरख, घ्या. चांगल्या किडनीच्या माणसाला एखादी फोड चालते. डायलिसिसच्या रुग्णांना मात्र ते खाऊन न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम आणि फिट्स आल्याच्या नोंदी आहेत. त्यातलं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये वेगळं करून दाखवलं.

चौथी, क्रिएटिनिनचे आकडे. असे रिपोर्ट खरेही असू शकतात, म्हणून तर लोक फसतात. पावसाळ्यात लेप्टोच्या तापाने किंवा जोराच्या जुलाबाने किडनी अचानक बसते, क्रिएटिनिन सात-आठवर जातं, चार डायलिसिस होतात आणि काही आठवड्यांत किडनी पुन्हा सुरू होते. त्याच दिवसांत कोणी काढा प्यायला असेल तर श्रेय काढ्याला. दुसरं, डायलिसिस झाल्या झाल्या रक्त तपासलं तर आकडा उतरलेलाच दिसणार, पुढच्या खेपेपर्यंत तो परत चढतो. तिसरं कारण दुःखद आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. माणूस खंगला, स्नायू झडले की किडनी तशीच असूनही आकडा खाली येतो. वडिलांचा शेवटच्या वर्षी आला होता. आम्ही त्यावर खूश झालो होतो.

"डॉक्टर सांगणार नाहीत" याला एवढंच. कॅप्टोप्रिल या गोळीने टाइप 1 मधुमेहींची किडनी बिघडण्याचा वेग पुष्कळ कमी होतो, हे 1993 मध्ये सिद्ध झालं. त्या औषधाचा उगम ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषात आहे. डापाग्लिफ्लोझिन या दुसऱ्या गोळीची चाचणी चार हजारांवर किडनी-रुग्णांवर झाली आणि 2020 मध्ये तिचे निष्कर्ष इतके चांगले आले, की ती मुदतीआधी थांबवण्यात आली. त्या औषधाचं मूळ 1835 मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलेल्या द्रव्यात आहे. साल आणि सापाचं विष यांतून औषध शोधणारे लोक कोथिंबीर मुद्दाम कशाला दडवतील? फरक इतकाच, की त्यांनी मात्रा ठरवली, माणसांवर पारखून घेतली आणि आकडे सगळ्यांसमोर मांडले. या गोळ्याही कोणाला, कधी, किती, हे किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

मेसेज पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. बहुतेकांच्या घरी कुणीतरी आजारी असतं. या वेळी तो माझ्या मामेबहिणीने पाठवला. तिला बारा वर्षं मधुमेह आहे आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी तिने एकदाही केलेली नाही. ती दरवर्षी व्हायला हवी, कारण क्रिएटिनिन वाढेपर्यंत बहुधा निम्मी किडनी गेलेली असते आणि अल्ब्युमिन त्याच्या पुष्कळ आधी दिसतं. अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण 30 च्या आत असलं पाहिजे. शनिवारी सकाळी मी तिला घेऊन लॅबमध्ये जाणार आहे.